जांभ्याच्या घरातली ओल: आतून कोटिंग करण्याआधी पाण्याची वाट शोधा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. संगमेश्वरकडचं पन्नासेक वर्षांचं चिऱ्याचं (म्हणजे जांभा या तांबड्या, सच्छिद्र दगडाच्या ठोकळ्यांचं) घर, मातीत रचलेल्या १४ इंची भिंती. २०१८ मध्ये मोठी दुरुस्ती केलीत. शेणाने सारवलेली जमीन काढून व्हिट्रिफाइड टाइल्स, चुन्याचा गिलावा खरवडून आतबाहेर सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट, कौलं उतरवून रंगीत पत्रा, अंगणात पेव्हर ब्लॉक. दोन-तीन पावसाळे बरे गेले. आता सगळ्या खोल्यांत जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत रंगाचे पोपडे सुटतात आणि पांढरी भुकटी पडते. परसाकडच्या खोलीची मागची भिंत छातीच्या वरपर्यंत ओली असते. पश्चिमेच्या खिडकीखाली पावसाळ्यात डाग पडतो. आई एकट्याच राहतात, त्यामुळे बंद असलेल्या खोलीत कपाटामागे काळी बुरशी धरली आहे. कंत्राटदार म्हणतो, आतून केमिकल कोटिंग करू, चार फुटांपर्यंत टाइल्स लावू, दहा वर्षं गॅरंटी. तुमचा प्रश्न: कुठलं केमिकल चांगलं?

कुठलंही नको, निदान आत्ता नको. कारण तुम्ही ज्याला ‘ओल’ म्हणताय त्या तीन-चार वेगवेगळ्या ओली आहेत. त्यांचं पाणी वेगळ्या ठिकाणाहून येतं आणि इलाजही वेगळे आहेत. दुसरं म्हणजे, २०१८ नंतर तुमच्या घरात पाणी फार जास्त यायला लागलं असं वर्णनावरून वाटत नाही. जे पूर्वीही येत होतं, त्याच्या बाहेर पडायच्या वाटा त्या दुरुस्तीत एकेक करून बंद झाल्या. आतून कोटिंग आणि टाइल्स म्हणजे उरलेली शेवटची वाटही बंद.

काही गोष्टी घर बघितल्याशिवाय सांगता येणार नाहीत: जमिनीचा उतार किती आणि कुठल्या बाजूला, पाया कातळावर आहे की मातीत, परसाकडची जमीन आतल्या जमिनीपेक्षा उंच आहे का, शोषखड्डा कुठे आहे. ‘हे तपासा’ असं जिथे म्हणेन, तिथे उत्तर त्या तपासणीवर ठरेल असं समजा.

जांभा पाणी पितो, हे आपल्याकडच्या प्रत्येक गवंड्याला माहीत असतं. बांधकामाच्या जांभा चिऱ्याला भारतीय मानकाने वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत पाणी शोषण्याची मुभा दिली आहे. म्हणजे तीस किलोच्या चिऱ्याने साडेतीन लिटर पाणी पोटात घेतलं, तरी तो चिरा ‘पास’. मातीचे सांधे तर त्याहून तहानलेले. पाया ओल्या जमिनीत असला की बारीक छिद्रांतून पाणी वर चढतं. किती चढेल हे काही अंशी छिद्रांच्या बारीकपणावर अवलंबून असतं, पण प्रत्यक्षात उंची ठरते ती दोन गोष्टींच्या तोलावर: खालून येणारं पाणी आणि भिंतीच्या दोन्ही अंगांनी उडून जाणारं पाणी. चुन्याच्या उघड्या गिलाव्यातून ते फूट-दीड फुटावरच उडून जायचं. ओल होती, पण जोत्याच्या आसपास घुटमळून संपत होती. त्याच भिंतीला आतबाहेर सिमेंट आणि प्लास्टिक पेंट चढवला की उडणं मंदावतं आणि पाणी उडायला जागा शोधत वर सरकतं. तीन फुटांवर पोपडे आले याचा अर्थ हा. चार फुटांपर्यंत टाइल्स लावल्यात तर पोपडे टाइल्सच्या वर, साडेचार-पाच फुटांवर येतील, आणि गॅरंटी टाइल्सखालच्या भागाची असल्याने कंत्राटदार खोटाही पडणार नाही.

जमिनीचंही तसंच. सारवलेल्या जमिनीतून पाण्याची वाफ खोलीभर थोडी थोडी वर यायची, खोली हवेशीर असल्याने ती निघूनही जायची. व्हिट्रिफाइड टाइलमधून काहीच जात नाही. मग टाइल्सखाली साचलेली ओल कडेला सरकते आणि कडेला भिंत असते. खोलीच्या मधल्या भिंतीही, ज्यांना बाहेरचा पाऊस कधी लागत नाही, खालून ओल्या दिसत असतील तर कारण बहुधा हेच.

तिसरं अंगण. दरवर्षी थोडा भराव, मग पेव्हरखाली ग्रिट, मग पेव्हर, असं करत अंगण सहा-आठ इंच वर येतं आणि जोतं तेवढंच बुडतं. पूर्वीचं जोतं अंगणापासून दीड-दोन फूट वर असायचं, ते शोभेसाठी नव्हतं. बाहेरून टेप लावून मोजा: अंगणाची पातळी आतल्या जमिनीपासून किती खाली आहे? १५ सेंटिमीटर हे पुस्तकी किमान. कोकणच्या पावसाला ३० ते ४५ सेंटिमीटर हवेत, कारण फरशीवर पडलेल्या पागोळीचे शिंतोडे भिंतीवर फूटभर सहज उडतात.

आता पांढऱ्या भुकटीबद्दल. हा लोणा, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. जमिनीतलं पाणी एकटं येत नाही, विरघळलेले क्षार सोबत आणतं. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. उघड्या चुन्यावर ते पृष्ठभागावर स्फटिक होऊन भुकटीसारखे झडतात, वर्षाला एकदा झाडलं की झालं. घट्ट रंगाच्या किंवा पुट्टीच्या मागे मात्र स्फटिक आतल्या आत वाढतात आणि गिलाव्याला सुटं करतात. म्हणूनच पोपडे ऐन पावसात कमी आणि ऑक्टोबरच्या उन्हात, भिंत वाळायला लागली की जास्त पडतात. लोक म्हणतात, ‘पाऊस संपला तरी ओल वाढतेच आहे’. प्रत्यक्षात भिंत सुकत असते.

क्षार कुठले आहेत यालाही महत्त्व आहे. वाळू खाडीची असेल आणि नीट धुतलेली नसेल, तर गिलाव्यातच मीठ आलं. दुरुस्तीच्या वेळी पाणी मचूळ विहिरीचं वापरलं असेल तरी तेच. (लोखंड असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं आपलं मानक सांगतं. गिलाव्याच्या पाण्याकडे सहसा कोणी बघतही नाही.) आणि एक विचारून घ्या: आजच्या खोल्यांपैकी एखादी पूर्वी गोठा होती का? अनेक जुन्या घरांत गोठ्याची पडवी बंद करून खोली केलेली असते. जनावरांच्या मुताने भिंतीच्या पायथ्याशी नायट्रेट साचलेले असतात आणि ते वर्षानुवर्षं जात नाहीत. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतूनच पाणी ओढून घेतं. काही नायट्रेट तर ५०-५५ टक्क्यांवरच ओले होतात. कोकणात जुलैमध्ये हवा दिवसेंदिवस ८५ टक्क्यांच्या वर असते. म्हणजे जमिनीतलं पाणी शंभर टक्के थांबवलं, तरी क्षारांनी भरलेला गिलावा जागेवर असेल तर पावसाळ्यात भिंत ओलीच दिसणार. पुष्कळ दुरुस्त्या इथे फसतात: पाणी बंद केलं, गिलावा तोच ठेवला, पुढच्या जूनमध्ये डाग परत.

भिंतीला टेकवून आकडा दाखवणारं ओलावा मोजायचं यंत्र घेऊन कोणी आलं तर त्यावर फार विसंबू नका. ते विजेचा रोध मोजतं आणि क्षार वीज चांगली वाहून नेतात. कोरडी पण खारी भिंत त्यावर ‘फारच ओली’ दिसते, आणि विकणाऱ्याला ते सोयीचं असतं.

त्यापेक्षा घरच्या घरी होणारी तपासणी करा. ड्रिलला १०-१२ मिलिमीटरचं बिट लावून एकाच उभ्या रेषेत जमिनीपासून १५, ५०, १०० आणि १५० सेंटिमीटरवर भोकं घ्या. चिऱ्यात नको, सांध्यात घ्या, म्हणजे चारही नमुने एकाच मालाचे येतील. बिट सावकाश फिरवा, तापलं तर ओलावा तिथेच उडतो. पहिल्या दोन सेंटिमीटरची भुकटी टाकून द्या. पुढची पाच-सात सेंटिमीटर खोलीची भुकटी लगेच झिपच्या पिशवीत बंद करा, प्रत्येकी २०-३० ग्रॅम. सोनाराकडे असतो तशा, ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा. मग ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि पुन्हा वजन करा. घटलेलं वजन म्हणजे भिंतीतलं पाणी.

इथे थांबू नका. ही वाळलेली भुकटी उघड्या बशीत घालून मोठ्या हवाबंद डब्यात ठेवा. डब्याच्या तळाशी वेगळ्या वाटीत मिठाचं संपृक्त पाणी ठेवा, म्हणजे तळाला न विरघळलेलं मीठ दिसत राहील इतकं मीठ घातलेलं. त्या डब्यातली आर्द्रता आपोआप ७५ टक्क्यांच्या आसपास राहते. भुकटीला पाण्याचा थेंब लागू देऊ नका. आठवड्याने वजन करा. वाढलेलं वजन म्हणजे त्या नमुन्याने नुसत्या हवेतून ओढलेलं पाणी, अर्थात क्षारांचं काम.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. तळाशी मूळ ओलावा भरपूर, वर जाताना कमी होत जातो, आणि तो हवेतून ओढलेल्या ओलाव्यापेक्षा कितीतरी जास्त आहे: जमिनीतून पाणी येतंय. दोन्ही आकडे जवळपास सारखे: पाणी फारसं येत नाही, क्षार ओल धरून आहेत. आतल्या नमुन्यात काहीच नाही आणि ओल फक्त पृष्ठभागावर: हवेतली वाफ भिंतीवर जमतेय. टक्के किती यापेक्षा चार उंचींची तुलना महत्त्वाची, कारण माती, चुना आणि सिमेंट यांचा ‘नेहमीचा’ ओलावा वेगवेगळा असतो. जमल्यास हे मे महिन्यात एकदा आणि गणपतीला गावी जाल तेव्हा एकदा करा. मे महिन्यातही तळाचा नमुना चांगला ओला निघाला तर शोषखड्डा किंवा गळकी पाइपलाइन जवळ आहे का बघा, कारण त्या महिन्यात जमिनीला पाणी द्यायला पाऊस नसतो.

परसाकडच्या खोलीचं प्रकरण वेगळं वाटतं. तिथे ओल छातीच्या वर जाते आणि तुमच्या वर्णनानुसार घराची पाठ डोंगराकडे आहे. मागची जमीन आतल्या जमिनीपेक्षा उंच असेल तर ती ओल खालून चढलेली नाही, मागच्या मातीतून आडवी आत येते. आपल्याकडे वरचा मातीचा थर पातळ आणि खाली कातळ. पावसाचं पाणी मातीतून झिरपतं, कातळ लागला की त्यावरून उताराने सरकतं आणि वाटेत तुमची भिंत लागते. जोराच्या पावसानंतर एक-दोन दिवसांत तिथली ओल वाढत असेल आणि पाऊस आठवडाभर थांबला की उतरत असेल, तर हेच. या भिंतीला आतून काहीही लावलं तरी मागचं पाणी ते ढकलून काढतं. त्यातही मातीत रचलेली भिंत असेल तर सततच्या पाण्याने सांध्यातली माती मऊ होऊन वाहून जाते. म्हणून तुमच्या सगळ्या ओलींमध्ये मी हिला पहिला नंबर देईन: बाकीचं घाण दिसतं, हे भिंतीच्या ताकदीशी खेळतं. भिंत आत फुगलेली किंवा आडवी तडकलेली दिसली तर खणण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

कामाचा क्रम. पहिलं काम बाहेरचं, आणि आतलं काहीही त्याच्या आधी नाही.

छपराचं पाणी. शंभर चौरस मीटरचा पत्रा आणि मोसमात तीन हजार मिलिमीटर पाऊस धरला तर एका पावसाळ्यात तीन लाख लिटर पाणी वळचणीला उतरतं. कौलांना वाशांचा भरपूर बाहेर आलेला शेवट असायचा; पत्रा घालताना तो बहुतेक वेळा आखूड करतात. शक्य असेल तिथे पत्रा पुढे वाढवा, नाहीतर पन्हळ लावा, आणि पन्हळीचं पाणी पाइपने भिंतीपासून दोन-तीन मीटर लांब, उताराच्या खालच्या अंगाला सोडा. भिंतीच्या कोपऱ्यातच सोडलेलं पन्हळीचं पाणी पन्हळ नसल्यापेक्षा वाईट, कारण ते सगळं एकाच जागी पडतं.

अंगण. भिंतीलगतचा दोन फुटांचा पट्टा पेव्हर काढून मोकळा करा, जोतं पुन्हा दिसेल इतकं खाली उतरा आणि तिथे २० ते ४० मिलिमीटरची खडी भरा. खडीवर शिंतोडे उडत नाहीत आणि भिंतीच्या पायाला हवा मिळते. उरलेल्या पेव्हरला घरापासून दूर, मीटरला दोन सेंटिमीटर उतार हवा. एक बादली ओतून बघा, पाणी घराकडे पळतंय का ते लगेच कळतं. बाहेरचा सिमेंटचा गिलावा थेट जमिनीत गेलेला असेल तर जोत्याच्या खालचा भाग तोडून काढा. जमिनीतलं पाणी त्या गिलाव्यातूनच वर चढत असतं.

डोंगराकडची बाजू. भिंतीपासून मीटर-दीड मीटर अंतरावर, उताराच्या वरच्या अंगाला चर खणा, दीड फूट रुंद, शक्यतो कातळ लागेपर्यंत. पण पायाच्या तळापेक्षा खाली जाऊ नका आणि सलग लांबी एकदम उघडी करू नका, दोन-तीन मीटरचे तुकडे घ्या. तळाला कापड (जिओटेक्स्टाइल) पसरा, त्यावर थोडी खडी, मग ११० मिलिमीटरचा भोकं असलेला पीव्हीसी पाइप १०० ला १ उताराने, वर खडी, कापड दुमडून घ्या, शेवटी माती. कापड टाळलं तर दोन-चार पावसांत खडीत माती बसते आणि चर असून नसल्यासारखा होतो. पाइपचं दुसरं टोक व्हाळात (ओढ्यात) किंवा खालच्या गडग्याबाहेर (दगडी कुंपणाबाहेर) उघडं निघायला हवं; ते पुरून टाकलेले चरही बघायला मिळतात. भिंतीला प्रत्यक्ष माती टेकलेली असेल तर ती हटवून भिंत आणि डोंगर यांत मोकळी वाट ठेवणं हा सगळ्यात चांगला उपाय, जागा असेल तर.

हे झाल्यावर आतला गिलावा. ओलीची सगळ्यात वरची खूण जिथे आहे त्याच्यावर आणखी दीड-दोन फूट धरून तिथपर्यंतचा सिमेंट गिलावा, पुट्टी, रंग सगळं काढा. सांधे दोन-अडीच सेंटिमीटर खरवडा. निघालेला राडा त्याच दिवशी घराबाहेर न्या, त्यात क्षार आहेत. उघड्या भिंतीवरचा लोणा कोरड्या ब्रशने झाडून, गोळा करून टाका. पाण्याने धुवू नका, धुतलं की क्षार विरघळून परत आत जातात. गोठ्याची भिंत असेल तर कागदाचा लगदा आणि पांढरी माती साध्या पाण्यात कालवून बोटभर जाडीचा लेप लावा आणि पूर्ण वाळल्यावर उतरवा. क्षार लेपात ओढले जातात. दोन-तीनदा करावं लागतं. क्षार संपत नाहीत, कमी होतात.

मग भिंत उघडी ठेवा. इथे लोकांचा धीर सुटतो. जाड भिंत वाळायला दर अंगाने इंचाला महिना हा ढोबळ हिशोब. १४ इंची भिंत दोन्ही अंगांनी मोकळी असेल तर सात महिने, आणि कोकणात वाळायचे महिनेच ऑक्टोबर ते मे. बाहेरचा सिमेंटचा गिलावा तसाच ठेवलात तर ही मुदत दुपटीकडे जाते. म्हणून निदान खालच्या तीन फुटांत बाहेरचाही काढावा, असं माझं मत.

नवा गिलावा चुन्याचा. भिजवून किमान पंधरा दिवस मुरवलेला चुना एक भाग, धुतलेली आणि जाड-बारीक मिश्र वाळू तीन भाग. किंवा चुना एक, सुरकी (विटेची भुकटी) एक, वाळू दोन. मुरवलेला चुना मिळत नसेल तर गोणीत येणारा नैसर्गिक हायड्रॉलिक चुना चालतो, तो ओल्या जागी लवकर धरतो. पहिला हात १० ते १२ मिलिमीटर, तो घट्ट झाल्यावर काही दिवसांनी दुसरा ८ ते १० चा. दहा-बारा दिवस गोणपाट लावून हलकं पाणी मारत राहा, पाइपने झोडपू नका. उन्हात भराभर वाळलेला चुना भुसभुशीत राहतो आणि मग ‘चुना टिकत नाही’ असा बोभाटा होतो. थोडं सिमेंट टाकू का, असं गवंडी विचारेलच, नको. रंग म्हणून चुन्याची सफेदी किंवा सिलिकेट पेंट. पुट्टी, पीओपी, जिप्सम यांपैकी काहीही खालच्या चार फुटांत नको; जिप्सम पाण्यात थोडं थोडं विरघळतं.

हा गिलावा कायमचा आहे असं समजू नका. क्षार तो स्वतःत घेणार, आठ-दहा वर्षांनी खालचा भाग पुन्हा करावा लागेल. गिलावा खराब होतो आणि चिरा वाचतो, हा सौदा परवडणारा आहे. चिरा बदलता येत नाही.

जोत्यावर आडवा रोध, म्हणजे खालचं पाणी वर चढू न देणारा थर, घालायचा का? नव्या घरात तो बांधतानाच घालतात: ४० मिलिमीटरचा काँक्रीटचा थर, वर चौरस मीटरला १.७ किलो गरम डांबर. जुन्या भिंतीत तो घालता येत नाही, म्हणून इंजेक्शन करतात. १२ मिलिमीटरची भोकं, दर १२ सेंटिमीटरवर, एकाच आडव्या सांध्यात, पलीकडची बाजू तीन-चार सेंटिमीटर शिल्लक राहील इतकी खोल, आणि त्यात सिलेनची (छिद्रांत मुरून पाणी अडवणाऱ्या रसायनाची) क्रीम. विटेच्या भिंतीत हे बऱ्यापैकी चालतं. जांभ्यात नळ्यांसारख्या पोकळ्या असतात, पातळ द्रव त्यांतून भलतीकडेच वाहून जातो. म्हणून द्रव नको, क्रीमच, आणि चिऱ्यात नको, सांध्यात. मातीच्या सांध्यात परिणाम बेभरवशाचा. बाहेरची कामं झाल्यावर एक पावसाळा जाऊ द्या, पुन्हा चार भोकांचे नमुने घ्या, आणि तरीही तळाचा ओलावा हटला नसेल तरच हा खर्च करा. पुष्कळ घरांत गरज पडत नाही.

टाइल्स काढायला सांगणार नाही, तो खर्च मोठा आहे. सगळ्यात त्रासदायक खोलीत भिंतीलगतची अर्ध्या फुटाची पट्टी आणि स्कर्टिंग काढून तिथे खडी-चुन्याचा कोबा करता येतो, म्हणजे टाइल्सखालची वाफ भिंतीत शिरण्याआधी तिथून निघते. दिसायला साधं दिसतं, एवढंच.

पश्चिमेची खिडकी सोपी आहे. पावसाची झड त्याच बाजूने येते. एप्रिलमध्ये बाहेरून पाइपने पाणी मारून बघा, पण खालून सुरुवात करा: आधी खिडकीखालची भिंत अर्धा तास, मग खिडकीची कड, मग चौकटीच्या बाजू, शेवटी छज्जा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. बहुतेक वेळा दोष असा निघतो: खिडकीखालच्या फरशीला बाहेर उतार नाही, तिच्या खालच्या कडेला थेंब तोडणारी खाच नाही, किंवा ॲल्युमिनियमच्या रुळातली पाणी जायची भोकं बुजली आहेत. चौकटीभोवती सिलिकॉन भरताना मिस्त्री तीच भोकं बुजवतात, लक्ष ठेवा.

बंद खोलीतली बुरशी वाफेची. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू साधारण २६ अंश. कपाटामागची भिंत त्याच्या जवळ गेली की दव धरतं, आणि दव नाही धरलं तरी पृष्ठभागालगत ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता दिवसेंदिवस राहिली की बुरशीला पुरतं. कपाट भिंतीपासून चार-पाच इंच पुढे घ्या आणि पायांवर उभं करा. पावसाळ्यात खिडक्या उघडणं नेहमी उपयोगी नसतं, बाहेरची हवा आतल्याहून ओली असते. उघडीप मिळेल त्या दुपारी दोन समोरासमोरच्या खिडक्या उघडा, एरवी पंखा चालू ठेवा. बुरशी पांढऱ्या लोणा-भुकटीच्या उलट, ओल्या फडक्याने पुसायची, कोरडी झाडली तर बीजाणू घरभर उडतात. नाकाला एन-९५ मास्क. ब्लीच वापरलंत तर त्यात ॲसिडचं टॉयलेट क्लीनर चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो. बुरशी की लोणा असा संशय आला तर पाण्याचा थेंब टाका, लोणा विरघळतो. आईंना दमा किंवा सतत खोकला असेल तर ती खोली आधी करा. ओल आणि बुरशीच्या घरांत श्वसनाचे विकार वाढतात हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही नोंदलेलं आहे.

पहाटे पत्र्याखालून थेंब पडत असतील तर ती गळती समजून पत्र्यावर डांबर मारू नका. निरभ्र रात्री पत्रा हवेपेक्षा गार होतो आणि खालून दव धरतो. कौलांच्या फटींतून हवा खेळायची, इथे मोभाजवळ हवा जायला जागा ठेवावी लागते.

ओल्या भिंतींवरचे स्विचबोर्ड आत्ताच तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बसवा. तो वारंवार पडत असेल तर इलेक्ट्रिशियनला तो काढू देऊ नका, वायरिंगमधली ओल शोधायला सांगा. चौकटींचे पाय आणि वाळवी त्याच फेरीत बघून होईल.

वेळापत्रक साधारण असं बसतं: दिवाळीनंतर अंगण, पन्हळ आणि मागचा चर, डिसेंबरच्या आत गिलावा उतरवणं, मेपर्यंत भिंती उघड्या. पावसाळ्यात तशाच राहू द्या, खोल्या वापरता येतात, फक्त दिसायला वाईट. मधल्या गणपतीत नमुने घ्या, आणि पुढच्या नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत चुन्याचा गिलावा.

कंत्राटदाराशी बोलताना गॅरंटीची वर्षं बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी लिहून मागा: वाळू कुठली आणि धुतलेली आहे का, पाणी कुठलं, आणि गॅरंटी भिंतीच्या कुठल्या उंचीपर्यंत. तिसऱ्याचं उत्तर ‘टाइल्सपर्यंत’ असं आलं तर त्याच्याकडून चर आणि पन्हळीचं काम घ्या, आतलं नको.